मोहाखालची पंगत

चैत्र लागला की बुंदेलखंडाचा सारा मुलूख बरगड्या दिसू लागलेल्या गुरासारखा होतो. गहू-हरभरा कापून नेलेला असतो, बेतवा आपल्या खडकांमधून वाट काढीत बारीक झालेली असते, आणि झाशीभोवतालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या सकाळी नऊच्या सुमारासच तापू लागतात. पळसाचा, ज्याला इकडे ‘छेवला’ म्हणतात त्याचा, बहर ओसरत आलेला असतो. अशा दिवसांत, ज्याने फाल्गुनात आपली पाने टाकून दिली, दुरून पाहणाऱ्याला जे वठलेलेच वाटावे, ते मोहाचे झाड रात्रीच्या अंधारात फुलते आणि पहाटे आपली फुले जमिनीवर सोडून देते. मोहाचे फूल खुडावे लागत नाही. पिकल्या फळासारखे ते आपणहून गळते. पहाटेच्या निवांतपणात झाडाखाली उभे राहिले तर त्याचा टप टप असा ओलसर आवाज ऐकू येतो. फूल म्हणावे तर त्याला नाजूक पाकळ्या नाहीत. मोतिया रंगाची, रसाने भरलेली, मांसल अशी ती गोळीच असते. आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन झाडून ठेवलेली असते. त्या काळवंडलेल्या भुईवर पहाटेच्या उजेडात ही फुले विखुरलेली दिसतात आणि बायका-मुले टोपल्या घेऊन वेचायला बसतात. उशीर केला तर गुरे आणि हरणे वाटेकरी होतात. रान जवळ असेल तर अस्वलही येते. चार दिवसांच्या उन्हाने ही फुले तपकिरी, सुरकुतलेली, मनुकांसारखी होतात, आणि मग मडक्यात भरून ठेवली की पुढच्या अडीअडचणीच्या महिन्यांना पुरतात.

मराठीत या झाडाला आणि मनाच्या एका विकाराला एकच शब्द आहे, हा भाषेने घडवलेला योगायोग. झाडाचा मोह ‘मधूक’ या संस्कृत शब्दातून प्राकृताच्या वाटेने झिजत झिजत आला. मनाचा मोह ‘मुह्’ या धातूचा. दोघांचे कूळ वेगळे, गोत्र वेगळे. पण बोलणाऱ्यांनी त्यांची सोयरीक जुळवून टाकली आणि झाडाला उगाच बदलौकिक चिकटला. कालिदासाला या फुलात असे काही दिसले नव्हते. कुमारसंभवात विवाहासाठी सजवलेल्या पार्वतीच्या केसांत दूर्वांसह गुंफलेली मधूकपुष्पांची माळ आहे, आणि रघुवंशातल्या स्वयंवरात इंदुमतीजवळही तशीच माळ आहे. दुसरीकडे मनुस्मृतीने सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगून तिन्ही ब्राह्मणाला वर्ज्य ठरवले, आणि टीकाकारांनी त्यांतल्या माध्वीचा संबंध मधूकाच्या फुलांशी जोडला. वधूच्या केसांत शोभणारे आणि ब्राह्मणाच्या ओठांना शिवू न देण्याचे, अशी एकाच फुलाची ही दोन रूपे फार पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आली आहेत. तिसरे रूप ग्रंथांत फारसे आढळत नाही, कारण ते भुकेल्यांच्या घरातले आहे. मोह हे अन्न आहे.

आम्ही झाशीचे मराठी. वीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ साली बांधलेल्या या किल्ल्यावर १७४२ साली नारोशंकर हा पेशव्यांचा सुभेदार म्हणून आला. त्याने किल्ल्याला ‘शंकरगढ’ची जोड दिली, ओरछ्याची माणसे आणून शहराची वस्ती वाढवली. पुढे नेवाळकरांचा अंमल झाला आणि त्यांच्या आश्रयाने कोकणातून व देशावरून भिक्षुक, कारकून, वैद्य, शिलेदार अशी कुटुंबे येऊन स्थिरावली. १८५३ साली गंगाधरराव वारले. १८५८च्या मार्चअखेरीस ह्यू रोजच्या तोफांनी तट फोडला आणि एप्रिलच्या आरंभी शहर पडले, तरी काही घरे तगून राहिली. ज्या गणेशमंदिरात १८४२ साली मनकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली, तिथे भाद्रपदात मराठी मंडळींचा गणपती अजूनही बसतो. त्या वेढ्याच्या दिवसांत वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला, आणि आमच्या घराण्यांची त्या काळातली मने समजून घ्यायला त्याच्याइतके जवळचे दुसरे पुस्तक नाही. ते वाचताना माझ्या मनात नेहमी एक गोष्ट येते. ती लढाई चैत्रातली. तटाबाहेरच्या झाडांखाली त्या पंधरवड्यात मोह पडतच असणार, आणि वेचायला कोणी आले नसणार.

आमच्या घरात मोह दोनच वाटांनी येत असे. खोकल्यावर दुधात उकळलेली सुकी फुले, आणि आजीच्या गुडघ्यांसाठी त्याच्या बियांचे दाट तेल. तिसऱ्या वाटेचा उल्लेखही होत नसे. ‘दवादारू’ या जोडशब्दाबाहेर ‘दारू’ हा शब्द आजीच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ती मर्यादा मला कधी जाचली नाही, आणि ती मोडावी अशी उमेदही कधी झाली नाही. या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या पुतण्याच्या एका प्रश्नाने.

पुतण्या इंग्लंडात एका खेडेगावाजवळ राहतो. सुटीवर आला असताना तिथल्या गावातल्या पबाविषयी तो मोठ्या आपुलकीने सांगत होता. पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’, सार्वजनिक घर. आणि ते खरोखर घरासारखेच असते, असे त्याचे म्हणणे. रविवारी दुपारी भाजलेले मांस, बटाटे, यॉर्कशर पुडिंग यांचे जेवण. एका कोपऱ्यात आजी-आजोबा, टेबलाखाली कुत्रा, मध्ये धावणारी मुले. आणि तिथली बियर, तिला ते ‘कास्क एल’ म्हणतात, ती पिंपात भरल्यावरही आंबतच राहते. तळघरात ठेवलेल्या पिंपातच ती पक्व होते. तिला गाळत नाहीत, तापवून निर्जंतुक करीत नाहीत, वरून वायू भरीत नाहीत. हातपंपाने ओढून पेल्यात घेतात. एकदा पिंप उघडले की थोड्याच दिवसांत ते संपवावे लागते, नाहीतर ती उतरते. म्हणून ती दूरवर पाठवण्यापेक्षा जवळच्या जवळ पिण्यात तिची गोडी. मधल्या काळात मोठ्या कारखान्यांच्या निर्जीव बियरने तिला जवळजवळ हुसकून लावले होते. तेव्हा १९७१ साली चौघा मित्रांनी ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ नावाची चळवळ सुरू केली आणि गावोगावच्या लोकांनी आपापले पिंप वाचवले. हे सगळे सांगून झाल्यावर त्याने विचारले, “काका, आपल्या बुंदेलखंडात असे ठिकाण कुठे आहे? जिथे या मुलखाचे पेय आणि या मुलखाचे जेवण एकाच छपराखाली मिळेल, आणि मला आईला बरोबर नेता येईल?”

प्रश्न सरळ होता. मी उत्तर शोधू लागलो तेव्हा प्रथम शब्दच आडवे आले. आपल्याकडे अशा जागांना नावे पुष्कळ आहेत. मराठीत गुत्ता आणि पिठा. बुंदेलखंडात कलारी, म्हणजे कलार जातीच्या माणसाचे दुकान. आणि आता ठेका. यांतला एकही शब्द घरात मोठ्याने उच्चारण्यासारखा राहिलेला नाही. ‘गुत्ता’ आणि ‘ठेका’ हे दोन्ही शब्द मुळात मक्त्याचे आहेत. म्हणजे जागेचे नाव तिथे काय मिळते यावरून पडलेले नाही, ती कोणी किती रकमेला घेतली यावरून पडले आहे. झाशीहून कोणत्याही दिशेला निघा, रस्त्याच्या कडेला तो दिसतोच. लोखंडी गज लावलेली एक खिडकी, आतून बाहेर येणारा हात, बाहेरून आत जाणारा हात. बसायला बाक नाही, खायला फार तर मीठ लावलेले चणे आणि उकडलेली अंडी, तीही शेजारच्या गाडीवर. बाईमाणूस त्या बाजूने जाताना पदर ओढून पावले उचलते. त्या खिडकीतून जे ‘देशी’ म्हणून विकले जाते, त्यात या देशाचे मुळी काहीच नसते. उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून कारखान्यात काढलेल्या मद्यार्कात पाणी मिसळून ते बनवतात. त्यात बुंदेलखंडाचा मोह नाही, बेतवेचे पाणी नाही, कुणाच्या हाताचा गुण नाही. पुतण्याच्या भाषेत सांगायचे तर त्या बाटलीतले सगळे मेलेले असते.

हे असे का झाले, याचा इतिहास फार लांब नाही. इंग्रजांनी ज्याला अबकारी म्हटले ती व्यवस्था महसुलासाठी होती. घरोघरच्या आणि पाड्यापाड्यांवरच्या भट्ट्यांवर कर बसवता येत नाही, म्हणून मद्य ठरावीक जागी गाळायचे, ठरावीक मक्तेदाराने विकायचे आणि इतर सर्वांच्या मडक्यांना गुन्हा ठरवायचे. मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा झाला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून १८९२ साली खास मोहफुलांसाठी ‘म्हौरा अॅक्ट’ करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्याच साठवणुकीवर व विक्रीवर निर्बंध घातले. वारल्याच्या घरातले धान्य एका कलमाने संशयित माल झाले. उत्तरेत तपशील निराळे, पण दिशा तीच. आणि याच राजवटीत एडवर्ड डायर हिमालयात कसौलीला गोऱ्या शिपायांच्या तहानेसाठी बियरचा कारखाना काढत होता. त्याआधी त्या शिपायांसाठी इंग्लंडातून पिंपे येत. आफ्रिकेला वळसा घालून येणारी ती कडवट पेल एल ‘इंडिया’ हे नाव लावूनच जगभर प्रसिद्ध झाली. एकाचे पिंप अर्धी पृथ्वी ओलांडून येऊ शकत होते. दुसऱ्याचे मडके आपल्याच परसात पुरून ठेवावे लागत होते. या कायद्यांनी माणसे पिण्याची थांबली नाहीत. मद्य मात्र चुलीपासून तुटले. जे जेवणाबरोबर, सणाबरोबर, देवाच्या नैवेद्याबरोबर चालत होते ते एका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

या विवेचनाने पुतण्याचे समाधान होण्याजोगे नव्हते; त्याला ठिकाण हवे होते. तेव्हा माझ्या एका शिक्षक मित्राच्या ओळखीने आम्ही ललितपूरच्या वाटेला लागलो. बबीना गेले, तालबेहटचा तलाव गेला, आणि मग मोठा रस्ता सोडून रानाकडे वळल्यावर सहरियांची एक वस्ती लागली. सहरिया हे या भागातले जुने रानवासी. ललितपूर जिल्ह्यात त्यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. वस्तीच्या टोकाला तीन मोठे मोह होते आणि त्यांच्या खालच्या झाडलेल्या अंगणात चटईवर फुले वाळत घातलेली होती. त्या घरातल्या वृद्ध बाईला सारे ‘बऊ’ म्हणत. बुंदेलीत बऊ म्हणजे आई. तिने आम्हाला खाटेवर बसवले, पाणी दिले आणि मला विचारले, “पंडज्जी, हमाए इते की रोटी खैहो?” दक्षिणी ब्राह्मणाला झाशीच्या आसपास अजून ‘पंडज्जी’ म्हणतात. तिच्या प्रश्नात भीड होती, परीक्षाही होती. मी हो म्हटले, तेव्हा तिने सुनेला हाक मारली.

पंगत मोहाखालीच बसली. छेवल्याच्या पानांच्या पत्रावळी, त्यावर गहू-हरभऱ्याच्या मिश्र पिठाची, म्हणजे बिर्ऱ्याची, जाड रोटी. निखाऱ्यावर भाजलेल्या भट्याचे, म्हणजे आपल्या वांग्याचे, लसूण घातलेले भरीत. ताकात शिजवलेली आंबूस महेरी. घरातला कर्ता मुलगा, त्याची दोन मुले, मित्र, पुतण्या आणि मी एका ओळीत. बऊ आणि सुना वाढायला. शेवटी डुबरी आली. सुके मोह पाण्यात उकळून शिजवलेला हा पदार्थ रंगाने गुळाच्या पाकासारखा, चवीला गोड, पण त्या गोडीमागे एक रानवट दर्प. मुलांच्या हातात लट्याचा एकेक गोळा होता. भाजलेले मोह, तीळ आणि चारोळी उखळात कुटून केलेला तो लाडू खिशात घालून मुले दिवसभर गुरांमागे फिरतात. बऊ सांगत होती, तिच्या लहानपणी पाऊस न झालेल्या एका वर्षी तीन महिने घरात दुसरे काही नव्हते. मोह खाऊनच सगळे जगले. आजही चैत्रात व्यापारी येऊन फुले नेतो आणि घरातले सरले की तीच फुले आषाढात चढ्या भावाने त्याच्याकडूनच विकत घ्यावी लागतात.

पुतण्याने मित्राच्या कानात काही विचारले. मित्र हसला, आणि ते बऊला कळले. ती म्हणाली, “काय, महुआ खैहो कै पीहो?”

खाणार की पिणार? सगळी पंगत हसली. बऊ हसली नाही. ती खांबाला टेकून बसली आणि तिने जुने दिवस सांगायला सुरुवात केली. तिच्या सासऱ्याच्या काळी लग्नाला, दिवाळीला आणि खेरमाईच्या पूजेला घरात मडके लागे. सुके मोह पाण्यात भिजत घालायचे. पाच-सात दिवस ते आत बुडबुड बोलत राहतात, आणि बोलायचे थांबले की वेळ झाली असे समजायचे. मग मडके चुलीवर चढवायचे, तोंड मातीने लिंपायचे, बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या मडक्यात न्यायची आणि ते मडके गार पाण्यात बसवायचे. जाळ बायकांनी सांभाळायचा, कारण मोठा जाळ केला तर करपलेला वास लागतो आणि तो वास पुरुषांना सांभाळता येत नाही. पहिली धार देवीच्या दगडावर. मग म्हाताऱ्यांना, मग बाकीच्यांना, पळसाच्या द्रोणात, जेवणाबरोबर. मडके सरले की सणही सरला. दुसरे मडके पुढच्या सणाला.

“फिर ठेका खुलो,” ती म्हणाली. मोठ्या रस्त्यावर ठेका उघडला. त्याला सण नव्हता, त्याला रोज होता. घरचे मडके पोलिसांच्या भीतीने बंद झाले होतेच. पुरुष मजुरीचे पैसे हातात आले की रस्त्यावर जाऊ लागले. तिचा थोरला मुलगाही जाऊ लागला. जेवण घरी आणि पिणे तिकडे, अशी वाटणी झाली. पुढे जेवणही राहिले. एका रात्री परत येताना रस्त्यावरच त्याला वाहनाने उडवले. त्यानंतर बऊने परसात पुरलेले जुने मडके काढून फोडले, नळी चुलीत घातली. या घरात आता मोह फक्त खाल्ला जातो. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. तिचा राग मोहावर नव्हता, रस्त्यावर होता.

मला वाटत होते की माझ्या मनातल्या इतिहासालाच या बाईने आपल्या घरातली साक्ष दिली आहे. चूल आणि मद्य तुटले आणि घर मोडले; इतकी ती गोष्ट स्वच्छ होती. पण तेवढ्यात भांडी आवरणारी तिची जाऊ, जी इतका वेळ गप्प होती, मान वर न करता बोलली. घरचे मडके होते तेव्हाही सणाच्या रात्री आम्ही मार खातच होतो, ती म्हणाली. फरक इतकाच की तेव्हा वर्षातून चार वेळा खात होतो. बऊने तिच्याकडे पाहिले. नाकारले नाही. म्हणाली, “हओ, सो तो है.” हो, ते तर आहेच.

त्या एका वाक्याने गोष्ट पुन्हा अवघड झाली, आणि ती अवघडच असली पाहिजे. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. मोहाच्या त्या मुलखात बायकांनी ती मागितली, तेव्हा घरच्या मडक्याचा आणि रस्त्यावरच्या बाटलीचा भेद त्यांना कळत नव्हता असे नाही. मार दोन्हींचा सारखाच लागतो हे त्यांना कळत होते. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. त्याच २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलनावरचे आणि साठवणुकीवरचे निर्बंध सैल केले. मोह पुन्हा अन्न म्हणून घरात ठेवता येऊ लागला. मध्य प्रदेशाने २०२२ साली आदिवासींनी गाळलेल्या मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज मद्य’ असे नाव देऊन ते रीतसर विकायची वाट मोकळी केली. आता ते सुबक बाटलीतून शहरातल्या हॉटेलांत जाईल, आणि पुतण्यासारखी माणसे ते कौतुकाने चाखतील. त्यात गैर काही नाही. ज्या हातांना शंभर-सव्वाशे वर्षे गुन्हेगार ठरवले त्यांना दोन पैसे मिळाले तर बरेच आहे. पण बऊच्या अंगणात मोहाची जी जागा होती ती बाटलीला मिळणार नाही, आणि त्या अंगणातल्या जावेला जे हवे आहे तेही बाटलीतून मिळणार नाही.

इंग्लंडातल्या त्या सार्वजनिक घराचा मी पुन्हा विचार केला. तिथल्या पिंपाला लोकांनी वाचवले, कारण ते वाचवायला लोकांच्या हातात कायदा होता, पैसा होता, आणि टेबलाभोवती बसलेल्या बायकांना उठून जाण्याची मुभा होती. सगळ्यांनी एकत्र बसून पिण्याची रीत केवळ पेयाच्या गुणाने टिकत नाही. बसणाऱ्यांतल्या सर्वात दुबळ्या माणसाला तिथे निर्धास्त वाटले तर टिकते. आमच्याकडे हे निर्धास्तपण अन्नाच्या पंगतीला आजवर मिळत आले आहे, तेही सर्वांना नाही. सहरियाच्या अंगणातली रोटी मी खाणार का, हे बऊला विचारावे लागले, यातच ते आले.

परतताना पुतण्या बराच वेळ बोलला नाही. बबीनाच्या पुढे आल्यावर म्हणाला, “काका, ठिकाण तर मिळाले. फक्त त्यात पेय नाही.” बऊने आमच्याबरोबर शेर-दोन शेर सुके मोह बांधून दिले होते; त्याचे पैसे घेतले नाहीत. पुरचुंडीचा तो आंबूस-गोड वास झाशी येईपर्यंत गाडीत भरून राहिला होता.

पुतण्या इंग्लंडला गेला आणि मोह फडताळात राहिले. पाऊस आला. श्रावणातल्या वद्य षष्ठीला आमच्या आळीतल्या बुंदेली बायकांची हरछठ झाली. त्यांच्या पंचांगाने तो भाद्रपद असतो. झाशीच्या मराठी घरांना अशा दोन कालगणना सांभाळण्याची पिढ्यानपिढ्या सवय आहे. मुलांच्या आयुष्यासाठी केलेल्या या व्रतात नांगरलेल्या जमिनीत उगवलेले काही खायचे नाही. म्हणून त्या दिवशी पाणथळीत आपोआप उगवणारा पसाईचा तांदूळ, म्हशीचे दही आणि सुके मोह यांवर बाया राहतात. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो. त्यानंतर बरोबर चौदा तिथींनी आमच्या घरात ऋषिपंचमी येते, आणि तिचा नियम काय? बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही. परसातले अळू, भोपळा, सुरण, मक्याचे कणीस, अशी ती ऋषीची भाजी. दोन भाषांच्या, दोन जातींच्या, दोन पंचांगांच्या बायका नांगराच्या आधीच्या एकाच जुन्या स्वयंपाकघरात वर्षातून एकदा जाऊन येतात. मध्ये पंधरवड्याचेही अंतर नाही.

यंदा ऋषिपंचमीला माझ्या पत्नीने फडताळातली पुरचुंडी काढली आणि ती हातात घेऊन थबकली. मोह ऋषीच्या भाजीत चालतो का, हे आमच्या कुठल्याच पोथीत लिहिलेले नव्हते, आणि आमच्या घरात त्या फुलाला चिकटलेली दुसरी ओळख तर सर्वांना ठाऊक होती. तिने माझ्या आईला विचारले. आईचे वय नव्वदीला टेकलेले, तिने दोन फुले तळहातावर घेऊन वास घेतला आणि विचारले, “या झाडाला कधी नांगर लागला का?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग घाल मूठभर.”

भाजी केळीच्या पानावर वाढली. अळूच्या आंबटपणात मधूनच मोहाचे एखादे फुगलेले फूल दाताखाली येई आणि गोड लागे. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतली.